मेजरचे पाणी

रामबाग, इंदूर
९ नोव्हेंबर १९५३

चि. मंजिरी,
अनेक आशीर्वाद.

आज सहाला उठलो. नळ वेळेवर आला. पाणी भरले, पूजा केली, मेजरला बाहेर नेऊन आणले. दुपारी पेन्शनच्या कचेरीत जाऊन आलो. परत आलो तेव्हा तुझे कार्ड दाराच्या फटीत होते.

कार्डात तू फक्त मेजरविषयी लिहिले आहेस. तेव्हा त्याचेच लिहितो.

तो बरा आहे. सहा पोळ्या आणि दूध संपवतो. उठताना मागचे पाय थरथरतात. त्याला दहावे वर्ष लागले. प्रतापराव सरदार परवा भेटले होते. म्हणाले, "माझ्या कुत्रेखान्यातली बाकी सगळी गेली, चिंतामणराव. संस्थान गेलं, घोडे गेले, कुत्री गेली. तुमच्या शरदनं पिल्लू असताना नेलेलं हे एकच राहिलंय." तुझ्याविषयी विचारले. सरकारी दफ्तराबरोबर ग्वाल्हेरला गेली आहे, असे सांगितले. "सहा महिने तिथं, सहा महिने इथं. हे मध्यभारत सरकार आहे की सर्कस?" असे म्हणून हसले. मीही हसलो.

एक गोष्ट आहे. मेजर हल्ली पाणी फार पितो आणि त्याला वरचेवर बाहेर जावे लागते. दोनदा घरातच झाले. फरशी आहे, पुसून घेतली. अडचण शिटीची आहे. शरद दाराशी उभा राहून दोन सुरांची शिटी द्यायचा, मग हा लिंबाखाली जायचा. शरदनंतर तू देत होतीस. मला कवळीमुळे शिटी येत नाही. प्रयत्न केला, तर वरच्या गॅलरीतून आनंदीबाई म्हणाल्या, "साठी उलटल्यावर शिट्या, चिंतामणराव? मोहल्ल्यात बायकामाणसं राहतात हो!" मेजर माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. फारच अनावर झाले म्हणजे आपण होऊन जातो.

एप्रिलात दफ्तर इंदुरास परत आले की क्वार्टर घेईन आणि मेजरला न्यायला येईन, असे तू लिहितेस. या घरी राहायला येणार नाहीस हे समजलो. त्याला न्यायला मात्र जरूर ये. तोपर्यंत मी त्याला नीट सांभाळीन. हे लिहून देतो.

मामंजी

६ डिसेंबर १९५३

चि. मंजिरी,
आशीर्वाद.

काल मेजरला गुरांच्या दवाखान्यात नेले. हरी टांगेवाल्याला विचारले होते. तो हात जोडून म्हणाला, "नहीं भिया, माफ करो. इसको देख के मेरी घोड़ी नाली में उतर जाएगी." म्हणून चालत गेलो. पाऊण तासाच्या वाटेला दोन तास लागले. मेजर दर खांबापाशी थांबायचा, पाय उचलायचा, आणि तसाच उभा राहायचा. दोन-चार थेंब पडायचे. लोक थांबून बघत होते. मला त्यांचा राग आला.

डॉक्टर तरुण आहेत, उज्जैनकडचे. आधी म्हणाले, "बाबूजी, ये कुत्ता है कि बछड़ा? किस रजिस्टर में चढ़ाऊँ?" मग मात्र गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ त्याचे पोट दाबून पाहिले. मेजरने दात दाखवले नाहीत. फक्त माझ्याकडे बघत राहिला. त्यांचे म्हणणे असे की वयामुळे आतली गाठ सुजली आहे, आणि मूत्राशयात वाळू धरली आहे, तिचा खडा होऊ शकतो. बरे होणार नाही, पण सांभाळले तर चालेल. गोळ्या दिल्या आहेत. दर तीन तासांनी बाहेर न्यायचे. अंथरूण कोरडे ठेवायचे, नाहीतर कातडीला जखमा होतात. निघताना त्यांनी पुन्हा बोलावून सांगितले, "और एक बात. पानी बंद मत करना. घर भर जाए तो भर जाए, पर इसका पानी कभी बंद मत करना."

झोपेत त्याला कळत नाही. जागा झाला आणि खाली ओले दिसले की उठून जात्यामागच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो. मी त्याला रागावत नाही. पहिल्यांदा रागावलो होतो.

त्याच्याखाली पोती घालतो आणि सकाळ-संध्याकाळ धुतो. पोती कमी पडली, म्हणून तुझ्या ट्रंकेतले मेणकापड काढले. शरदच्या टायफॉइडात आणलेले, तेच. तू ते स्वच्छ करून, गुंडाळून, सुतळी बांधून ठेवले होतेस. आधी तुला विचारायला हवे होते.

मामंजी

२० जानेवारी १९५४

चि. मंजिरी,
आशीर्वाद.

पत्र मिळाले. मागच्या पाकिटावर मी तुझ्या नावाआधी गं. भा. लिहिले. शिपायाने ते खणखणीत वाचून पाकीट तुझ्या टाइपरायटरवर ठेवले, आणि खोलीतल्या सगळ्यांनी माना वर करून तुझ्या कपाळाकडे पाहिले, असे तू लिहितेस.

सवयीने लिहिले गेले, असे उत्तर मी आधी लिहिले होते. तो कागद फाडला. लिहिताना माझा हात थांबला होता, आणि त्यानंतर मी लिहिले. सर्व्हे खात्यात तीस वर्षे नकाशांवर नावे घातली, कोणते अक्षर कुठे पडते ते मला कळते. पुन्हा होणार नाही.

माघ वद्य पंचमीला शरदचे वर्षश्राद्ध. २२ फेब्रुवारी. तुला रजा मिळाली तर ये. त्या दिवशी घरात फक्त मी असणे बरे दिसत नाही. दिसण्याचे सोड, मला बरे वाटणार नाही.

गुरुजी काल येऊन गेले. उंबऱ्यातच थांबले आणि उपरणे नाकाला लावले. म्हणाले, "चिंतामणराव, पितरांचा स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा आणि इथं पाऊल ठेवताच मुताचा दर्प. दोन ब्राह्मण सांगितलेत, ते पानावर बसतील का? एक तर कुत्र्याची सोय दुसरीकडे करा, नाहीतर श्राद्धाची करा." मी दिवसातून तीनदा फिनेल घालतो. मला तो वास आता येत नाही, हीच अडचण आहे.

दोन दिवसांसाठी त्याला ठेवून घेणारे कोणी नाही. प्रतापराव स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत आहेत, आणि देपालपूरच्या रस्त्याला त्यांचे शेत आहे तिथे राखणदार नाही. आनंदीबाई म्हणाल्या, "ठेवीन हो, पण माझ्याच दारात मेला तर मी कोणाला तोंड दाखवू?" काहीतरी करीन.

मेजर तसाच आहे. काल त्याने रस्त्यावरच्या एका बाईच्या मागे जाण्यासाठी साखळी ओढली. तुझ्यासारखी हिरवट शाल होती.

मामंजी

२४ फेब्रुवारी १९५४

चि. मंजिरी,
आशीर्वाद.

रजा मिळाली नाही, हे कार्ड वेळेवर आले. हरकत नाही.

श्राद्ध नीट पार पडले. स्वयंपाकाला द्वारकाबाईंना बोलावले होते. शरदच्या आवडीचे घोसाळ्याचे भजे या दिवसांत मिळणार नाही असे वाटले होते, पण खजराण्याकडच्या एका मळ्यात घोसाळी मिळाली. कावळा लगेच शिवला. गाईचा घास झाला. कुत्र्याचा घास अंगणात मेजरपुढे ठेवला. त्याने खाल्ले नाही.

घर दोन दिवस अगदी कोरडे होते. गुरुजी म्हणाले, "बंदोबस्त चांगला केलात."

मेजर आज जरा सुस्त आहे. त्याला घेऊन दवाखान्यात जात आहे, म्हणून पत्र थोडक्यात आटोपतो.

मामंजी

१२ मार्च १९५४

चि. मंजिरी,
आशीर्वाद.

तुझे पत्र आले. अंगण असलेले क्वार्टर मिळणार, फार चांगले झाले. मेजरसाठी नवा पट्टा घेऊ नकोस. जुना अजून मजबूत आहे.

त्याची काळजी करू नकोस. घर आता कोरडे असते. पोती धुवावी लागत नाहीत. मला रात्री उठावे लागत नाही. डॉक्टरांनी फार कष्ट घेतले, त्यांचा मी ऋणी आहे. सगळे शांत आहे.

ऊन वाढले आहे. प्रकृतीला जप.

मामंजी

२ एप्रिल १९५४

मंजिरी,

काल तुझे पत्र आले. दफ्तर सोळाला निघणार. अठरा तारखेला सकाळी तू टांगा घेऊन येणार, आत येणार नाहीस, मेजरला मी दाराबाहेर आणून ठेवावे, असे तू लिहिले आहेस.

मेजर नाही. पाच मार्चला, शुक्रवारी, दुपारी साडेबाराला गेला. बारा तारखेचे पत्र मी लिहिले तेव्हा त्याला जाऊन सात दिवस झाले होते. ते पत्र पुन्हा वाचशील तर त्यात एकही वाक्य खोटे सापडणार नाही. मी तशी वाक्ये शोधून लिहिली. खोटे लिहिण्यापेक्षा ते वाईट आहे, हे मला लिहितानाच समजत होते.

आता झाले तसे लिहितो.

वीस फेब्रुवारीला संध्याकाळी मी त्याचे पाण्याचे घमेले उचलून माळ्यावर ठेवले. डॉक्टरांनी बजावले होते ते माझ्या लक्षात होते. विसरलो नव्हतो. पाणी नाही तर ओले नाही, आणि श्राद्ध वेळेवर होईल, एवढाच विचार होता. मनाशी म्हणालो, आपण निर्जळी एकादशी करतो, माणसाला काही होत नाही, मेजरलाही एक उपास घडेल. शरदसाठीच आहे. असे खरेच म्हणालो.

एकवीसला दिवसभर तो न्हाणीघराच्या दाराशी बसून होता. मी अंघोळ करून बाहेर आलो की आत जाऊन दगड चाटायचा. म्हणून मी न्हाणीला कडी घातली. घमेले माळ्यावर कुठे आहे ते त्याला माहीत होते. तो त्याच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. भुंकला नाही. शरदने त्याला घरात भुंकायचे नाही असे शिकवले होते.

बावीसला सकाळी त्याला अंगणात लिंबाला बांधले. ब्राह्मण आले. मी त्यांच्या पायांवर पाणी घातले, ते पाणी फरशीवरून पन्हळीतून अंगणाकडे वाहत गेले. मेजर उठला आणि साखळी ताणून पुढे झाला. त्याची जीभ आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर राहिले. गुरुजी म्हणाले, "लक्ष तिकडे नको, इकडे द्या." मी इकडे दिले.

नंतर कुत्र्याचा घास घेऊन मी गेलो. वरण-भात, वडा, खीर. श्राद्धात त्याचा वाटा शास्त्राने सांगितलेला आहे. त्याने वास घेतला, एक शीत उचलले, ते जिभेला चिकटून राहिले. गिळता आले नाही. तू विचारशील, तेव्हा तरी पाणी का दिले नाही. ब्राह्मणांची पाने अजून उठायची होती.

ती उठल्यावर दिले. बादलीभर प्यायला. त्यानंतर काही बाहेर आले नाही.

तेवीसला दिवसभर तो लिंबाखाली मागचे पाय फाकून उभा होता. पोट नगाऱ्यासारखे झाले होते. मी कवळी काढून शिटी देण्याचा प्रयत्न केला. नुसती हवा आली. त्याने कान मात्र उचलले. आनंदीबाई वरून बघत होत्या.

चोवीसला हरी टांगेवाला आपण होऊन आला. घोडीच्या डोळ्यांवर पोते बांधले होते. म्हणाला, "बैठाओ भिया, अब ये किसको डराएगा." मी आणि तो, दोघांनी त्याला उचलले. डॉक्टरांनी नळी घातली. पहिल्यांदा गेली नाही. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा आधी रक्त आले आणि मग ते सगळे साठलेले. डॉक्टर घामाघूम झाले होते. हात धुताना त्यांनी विचारले, "बाबूजी, पानी बंद किया था क्या?"

मी नाही म्हणालो.

ते माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा नाही म्हणालो. हरी शेजारी उभा होता. नाही म्हटल्यामुळे उपचारात फरक पडला असेल का, हे मला माहीत नाही. विचारायला परत गेलो नाही.

पुढे नऊ दिवस. मूत्रपिंडे बिघडून रक्तात विष चढले होते असे ते म्हणाले. मेजर काही खात नव्हता. तोंडाला वाईट वास यायचा. मी चमच्याने पाणी घालत होतो, ते गालातून बाहेर यायचे. पाणी पाजण्यात मी कसूर केली नाही. तेव्हा केली नाही. शेवटच्या दिवशी त्याला मेणकापडावर दाराजवळ सरकवले, कारण तो सारखा दाराकडे मान वळवत होता. साडेबाराला त्याच्याखाली सगळे ओले झाले, पुष्कळ. मला वाटले मोकळे झाले, आता बरे वाटेल. मी उठून फडके घेऊन आलो. तेवढ्यात गेला.

आनंदीबाई खाली आल्या. त्यांनी जुने नऊवारी आणले होते, त्यात गुंडाळले. प्रतापरावांनी त्यांच्या शेतात जागा दिली आणि खड्डा होईपर्यंत उन्हात उभे राहिले. त्यांचा रुमाल डोक्यावर नव्हता, काखेत होता. परतताना हरीने मला घरापाशी सोडले आणि म्हणाला, "बहूजी को क्या बोलोगे?"

मी तुला का कळवले नाही, ते सांगतो. अठरा तारखेला तू या दाराशी येणार होतीस ती मेजरसाठी. मेजर नाही असे कळवले की तू येण्याचे कारण संपते. मी विचार केला, येऊ दे, टांग्यातून उतरू दे, मग सांगू. आज वाटते, दारात उभे करून असे सांगणे म्हणजे पुन्हा तेच. माझ्या सोयीसाठी दुसऱ्याला ताटकळत ठेवायचे.

आणखी एक लिहायचे राहिले होते. तू ग्वाल्हेरला निघण्याआधी आनंदीबाई तुला म्हणाल्या होत्या, "नवरा जाऊन आठ महिने नाही झाले आणि परगावी एकटी राहणार? लोक काय म्हणतील?" तू रडली नाहीस, पण त्या रात्री जेवली नाहीस. ते त्यांचे शब्द नव्हते. मी त्यांना जाऊन सांगितले होते की तुम्ही एकदा तिला समजावा, आणि काय बोलायचे तेही सांगितले होते. तू निघालीस तेव्हा मी पूजेला बसलो होतो. पूजा आधीच झाली होती. देवांपुढे नुसता बसलो होतो आणि टांग्याचा आवाज ऐकत होतो. मेजर चौकापर्यंत तुझ्या मागे गेला. तो परत आल्यावर मी दार लावले.

हे सगळे एकदम लिहिले. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

अठराला टांगा करण्याची गरज नाही. ये असे म्हणण्याचा मला हक्क नाही, आणि येऊ नकोस असे लिहवत नाही. पट्टा दाराच्या आतल्या खुंटीला आहे. तुला हवा असेल तर हरीकडे देईन, तो दफ्तरात पोचवील. शेतातली जागा त्याला माहीत आहे. बांधावर बाभळ आहे, तिच्या पूर्वेला बारा पावले.

चिंतामण

ता. क. पत्र लिहून ठेवले, पाकिटावर तुझे नुसते नाव घातले. डाक निघायला अजून तास आहे. मेणकापड सोडा घालून दोनदा धुतले होते, ते अंगणात वाळले आहे. त्याची घडी घालू नये, चिरते, असे तू सांगत असायचीस. एक टोक तू धरायचीस, एक मी, आणि तू गुंडाळत माझ्यापर्यंत यायचीस. एका माणसाला ते जमत नाही, सुरकुत्या पडतात. म्हणून एक टोक खिडकीच्या गजाला बांधले आहे. आता दुसरे टोक धरून गुंडाळत खिडकीपर्यंत जातो.